समुद्रघोड्याची पिशवी, काकूचं गाठोडं

आबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. तुमच्या लेखी सगळ्यात मोठं पाणी उजनीचं. एकदा त्या पाण्याच्या कडेला आपला तळ पडला होता आणि कुर्डुवाडीकडचा एक चहावाला तुम्हाला सांगत होता, की समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही. तुम्ही बराच वेळ विचार केलात आणि विचारलंत, "मग मेंढरं पल्याड न्यायची कुठनं?" तो हसला. तुम्ही हसला नाहीत, कारण तुमच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर होता. पाणी एक तर पाजायचं, नाही तर ओलांडायचं. नुसतं बघत बसायचं पाणी तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी समुद्र पाहिला तो नोकरीला लागल्यावर, आणि किनाऱ्यावर उभी असताना मला आधी तुमची मेंढरंच आठवली.

हे आज सुचायचं कारण असं, की गेले काही दिवस मी समुद्रातच आहे. म्हणजे बसलेली आहे परंड्यात, किल्ल्यामागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात. सोलापूरच्या वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. तुमचे जावईही गेले. मूल आम्हाला झालं नाही. पण मुलांचं पान मी अजून लिहिते. तिथला आताचा संपादक माझ्या निम्म्या वयाचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मॅडम, दोन चित्रं तयार आहेत. एक समुद्रघोडा, एक ओर्का. एकाच पानावर बसवायचीत. काहीतरी तुलना करून द्या ना, बुधवारी संध्याकाळपर्यंत." मी म्हटलं, "अरे, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?" तो म्हणाला, "दोघं पाण्यात राहतात ना, मॅडम." चित्रं आधी आणि मजकूर नंतर, हे मला नवीन नाही. आयुष्यभर मी रिकाम्या जागा भरत आले आहे.

त्याच दिवशी दुसराही एक फोन आला. काकूच्या मुलाचा, चाकणहून. काकू म्हणजे तुमची थोरली वहिनी. ती सोनारीत एकटीच राहते, देवळाच्या मागं पत्र्याच्या घरात. गेल्या महिन्यात ती मोरीत घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. मुलगा म्हणाला, "ताई, माझ्याकडं येईना. चौथा मजला म्हणलं की जीव घाबरतोय म्हणते. तू तरी न्हे तिला तुझ्याकडं. एकटं ठिवायचं आता काम न्हाय." मी तिला याआधीही विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं, "कुण्या नात्यानं येऊ? पुतणीच्या दारात म्हातारपण काढलेलं कुणी बघितलंय का?" मुलाला मी म्हटलं, पुन्हा विचारते. त्याला वाटलं मी त्याच्यावर उपकार करतेय. त्याला काय माहीत, की संध्याकाळी घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी बातम्या लावून ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते. मला लहानपणी पाहिलेलं माणूस आता या जगात एकच उरलंय, आणि ते सोनारीत बसून नातं विचारतंय.

तर असा तो तुलनेचा लेख लिहायचा होता. समुद्रघोड्यापासून सुरुवात केली, कारण तो लहान आणि मुलांना आवडण्यासारखा. आबा, हा मासा आहे, पण उभा पोहतो. तोंड घोड्यासारखं, शेपूट माकडासारखं. पोहणं मात्र बेताचंच. जराशा लाटेनंही वाहून जाईल, म्हणून शेपटीनं पाणगवताची काडी धरून बसतो. आणि यांच्यात पिल्लं नराच्या पोटी वाढतात. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. पुढं तीच पिशवी घेऊन तो काही आठवडे फिरतो आणि एके दिवशी शेकड्यांनी पिल्लं बाहेर टाकतो. हे वाक्य लिहिलं, आणि पुढचं सुचेना. पिशवी या शब्दावर मी किती वेळ थांबले होते कोण जाणे. चहा गार झाला होता.

कारण मला तुमच्या घोंगड्याची झोळी दिसत होती. वाटेत मेंढी व्याली की तिचं ओलं कोकरू तुम्ही त्या झोळीत घालायचात आणि चालत राहायचात, कळप थांबवायचा नाही. त्याच झोळीत मी होते. आई तापानं गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते, असं सगळे सांगतात. मला आई आठवत नाही, पण ती झोळी आठवते. आत अंधार असतो. लोकरीचा वास येतो, तिखट आणि उबदार. शेजारी एक कोकरू थरथरतंय आणि माझी बोटं चोखतंय. बाहेर तुमचा आवाज, हुर्र, हुर्र. तुम्ही चालता आहात, आणि चालण्याचा तो झोका मला आजही कधीकधी एसटीत डुलकी लागली की जाणवतो.

पण झोळीच्या आधी ते दुसरं घडलं होतं. त्यावरून पुढं लग्नाकार्यात बायका माझी चेष्टा करायच्या. "हिला कातडं घातलं होतं गं," असं म्हणून हसायच्या. मला कळायला लागल्यावर एकेकीकडून तुकड्यातुकड्यानं ते समजलं. मेंढरात तुमची एक रीत होती. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसऱ्या एखाद्या कोकराची आई मेली, तर मेलेल्या कोकराचं कातडं काढून त्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवायचं आणि त्याला मेंढीपुढं सोडायचं. मेंढी हुंगते. वास आपल्या पिलाचा येतो, म्हणून पिऊ देते. दोन-चार दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालतं, कारण तोवर तिचंच दूध त्याच्या पोटात गेलेलं असतं आणि त्याच्या अंगाला तिचाच वास लागलेला असतो. आई गेली त्याच्या थोडंच आधी काकूची मुलगी गोवरानं गेली होती, माझ्याच वयाची. काकू कुणाशी बोलत नव्हती. आणि तुम्ही, आबा, तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही. काकू पाण्याला गेली होती तेव्हा तुम्ही तिच्या गाठोड्यातून त्या मुलीचं अंगडं काढलंत, माझ्या अंगात घातलंत, आणि ती परत आल्यावर मला तिच्या मांडीवर ठेवलंत.

तिनं मला ढकललं नाही म्हणे. कपड्याकडं बघितलं आणि तुमच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "भावजी, मी मेंढी न्हाय." एवढंच. माझ्या अंगातून ते अंगडं तिनं सावकाश काढलं, घडी केली, गाठोड्यात ठेवलं, आणि मी वाऱ्यात उघडी बसून राहिले. त्याच दिवसापासून मी झोळीत. काकूनं नंतर माझं काही वाईट केलं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. भाकरी दिली, डोक्याला तेल लावलं, काटा काढला. पण भाकरी हात लांब करून दिली. वेणी घालताना मला पुढ्यात पाठमोरी बसवली. तिच्या मांडीवर मी पुन्हा कधी बसले नाही. ते अंगडं तिनं धुतलंही नाही. तळ हलला की गाठोडं तिच्या डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर कधीच नाही.

समुद्रघोड्याचं पुढं काय होतं, तेही लिहावं लागतं. पिल्लं पिशवीबाहेर पडली की बापाचं काम संपलं. तो त्यांना खाऊ घालत नाही, राखत नाही, ओळखतही नाही. ती पाण्याबरोबर जिकडं जातील तिकडं जातात आणि फार थोडी जगतात. हे लिहिताना तुम्ही मला ठेवलंत ते परंड्यातलं वसतिगृह आठवणारच होतं. मी तुमच्या धोतराचा सोगा मुठीत धरला होता. तुम्ही खाली बसलात आणि माझं एकेक बोट सोडवलंत, काटेरी झुडपात अडकलेली लोकर सोडवावी तसं, धागा तुटू न देता. मी पुन्हा धरलं. मग तुम्ही रागावलात. "लिहायला शीक. मेंढरामागं माझी एकट्याची जिंदगानी पुरे झाली. आता तुझं तू." आणि गेलात. पुढं वर्षातून एकदा, कळप या बाजूनं जाताना, फाटकाशी येऊन उभे राहायचात. आत यायचा नाहीत, पायताणाला लेंड्या लागल्यात म्हणायचात.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही एक लहान घोंगडी आणून दिलीत, काळ्या लोकरीची, खास विणून घेतलेली. सोलापूरच्या कचेरीत यंत्रांसाठी खोली थंडगार ठेवलेली असायची. मी ती खांद्यावर घेऊन बातम्या तपासायची. शेजारच्या टेबलावरून रोज एक टोमणा यायचा, "मॅडम, आज मेंढरू बरोबर आणलंय वाटतं?" मी म्हणायची, "आणलंय. तुमची बातमी चरायला." ते हसायचे. वास कधीच गेला नाही तिचा. अजून आहे.

ओर्काचा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं. दिसायला प्रचंड, काळा-पांढरा, दातांनी भरलेलं तोंड. लोक त्याला देवमासा समजतात, पण तो डॉल्फिनच्याच कुळातला. मासा नाहीच. हवा घ्यायला वर येतो, पिलाला दूध पाजतो. आणि यांच्यातली काही कुटुंबं अशी असतात, की मुलगेही आणि मुलीही जन्मभर आईला सोडून जात नाहीत. म्हातारी मादी पुढं असते. खायला कमी असेल त्या वर्षी कुठं जायचं ते तिला माहीत असतं. प्रत्येक कुटुंबाची साद वेगळी, त्यावरून आपलं कोण ते कळतं. समुद्रघोड्याच्या अगदी उलट. एकाचं बोटाएवढं शरीर आणि बापाची पिशवी, मग कुणीच नाही. दुसऱ्याचं घराएवढं शरीर आणि मरेपर्यंत आई. तुलना आपोआप होत होती. शेवटी मी असंही लिहिलं, की पिल्लू मेलं तर ओर्का आई कधीकधी ते डोक्यावर तोलून धरून कित्येक दिवस पोहत राहते. बुडायला लागलं की खाली जाऊन पुन्हा वर आणते. संपादकाचा लगेच फोन. "मॅडम, सगळं छान झालंय. फक्त ते मेलेलं पिल्लू मुलांच्या पानावर नको." त्याचं बरोबर होतं. मी ते वाक्य काढलं, त्या जागी ओर्का किती वेगानं पोहतो ते लिहिलं, आणि वेळेच्या आत लेख पाठवला. काढलेलं वाक्य माझ्याकडंच उरलं. ते घेऊन काल मी सोनारीला गेले.

काकू उंबऱ्यात बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाही. देवळाच्या भिंतीवर वानरं बसली होती. माझी चाहूल लागताच ती म्हणाली, "आलीस व्हय. पिशवी आत ठिव आधी, न्हाईतर ती भिंतीवरची न्हेतील."

"केळी आणलीत तुझ्यासाठी."

"केळी आणलीस म्हंजे त्यांच्यासाठीच आणलीस. बस. काय लिवायलीस आता?"

मी तिला समुद्रघोड्याचं सांगितलं. तिला आधी माशाचं नाव घोडा आहे हेच पटेना. त्याच्यावर बसतंय कोण, असं विचारलं. मग नराच्या पिशवीचं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला खोकला आला. "बाप्याला पोरं व्हत्यात? बरं झालं. देवानं एकाला तरी दावलं म्हणायचं." मग डोळे पुसून विचारलं, "आन् दूध?"

"दूध नाही. बाहेर पडली की ज्याचं तो."

"मग तुझ्या बापासारखंच की. घोंगड्यात घालून हिंडला आन् एक दिस शाळंत टाकून आला."

"टाकलं नाही काकू, ठेवलं."

"त्येच ते," ती म्हणाली. पण आवाजात चीड नव्हती. मग मी दुसऱ्याचं सांगितलं. काढलेलं वाक्यही सांगितलं. मुद्दाम सांगितलं असं नाही आणि सहज सांगितलं असंही नाही. ती भिंतीकडं बघत होती, तिला दिसत नसताना.

"किती दिस घिऊन हिंडली?"

"लई दिवस."

"मग टाकलं?"

"हो. एक दिवस सोडलं. मग बाकीच्यांबरोबर गेली पुढं."

"कुणी सांगितलं व्हय तिला, सोड म्हणून?"

"कुणीच नाही."

"मग बरं," असं म्हणून ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मी उंबऱ्यात बसून राहिले. तिला काय विचारायला आले होते ते चौथ्यांदा कसं विचारावं, याची जुळवाजुळव करत होते. आत पातेलं वाजलं. आणि आतून हाक आली, तिच्या मुलीच्या नावानं. "साखरंचा डबा काढून दे गं, हात पुरंना." इतकी रोजची हाक, जणू ती मुलगी परसात भांडी घासायला बसली आहे. आबा, ते नाव मी उभ्या जन्मात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि मी ओ दिली. विचार करून दिली नाही. तोंडातून ओ गेली आणि मग मी उठले. आत जाऊन फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दिला.

तिनं डबा घेतला. माझ्याकडं वळली नाही. साखर टाकली, पुन्हा टाकली. मग म्हणाली, "तुझं नाव न्हाय त्ये."

"माहितेय."

"चुकून आलं तोंडात."

"येऊ दे."

चहा उकळून वर आला तरी तिनं उतरवला नाही, तो मी उतरवला. खाली वाकले तेव्हा माझ्या खांद्यावरची घोंगडी तिच्या हाताला लागली. तिनं तिचं टोक धरलं, नाकाशी नेलं आणि सोडलं. "तुझ्या बापाची घोंगडी. पुन्यांदा कातडं घालून आलीस व्हय गं माझ्या म्होरं?"

"थंडी होती म्हणून घेतली, काकू."

आम्ही चहा प्यालो, फार गोड झाला होता. निघताना मी पायरी उतरून रस्त्याला लागले, तेव्हा मागून तिचा आवाज आला. "उद्या रिक्षा घिऊन ये. गाठोडं एकच हाय, पण येष्टीत कोंबायचं न्हाय." आणि थोड्या वेळानं, आणखी मोठ्यानं, "आन् ती घोंगडी घरी ठिव. मला मेंढराचा वास आता सोसंना."

म्हणून आज सकाळी हे लिहायला बसले. रिक्षावाल्याला दहाला बोलावलं आहे. पुढच्या खोलीत तिची खाट लावली, उंबऱ्याजवळ, म्हणजे तिला बाहेरची चाहूल लागेल. फळीवरचे डबे खाली काढून ठेवले. मग लक्षात आलं, की डबे खाली ठेवले तर ती हाक कशाला मारेल, म्हणून साखरेचा पुन्हा वर ठेवला. मारली तर कोणत्या नावानं मारेल ते मला माहीत नाही. माझ्या नावानं मारेल, याची खात्री नाही. तेही चालेल असं मी मनाला सांगते आहे, आणि बहुतेक चालेल.

हे पत्र पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं सगळंच तिसऱ्या माणसानं मोठ्यानं वाचण्यासारखं नाही. घोंगडी घडी करून कपाटात टाकली आहे, तिच्या आत हे ठेवून देईन. फक्त एक तेवढं तुम्हाला सांगते, काकूला सांगणार नाही. काल तेवढी थंडी नव्हती.